ट्रकला पाजलेलं एरंडेल

मी एका ट्रकला एरंडेल पाजलं आहे. वाक्य पुन्हा वाचू नका, छपाईची चूक नाही. ट्रकलाच, आणि चांगलं दोन लिटर. तेव्हा मी पस्तिशी ओलांडलेली होते, पदरात दोन मुलं होती, बारावी पास झाल्याचा दाखला ट्रंकेत होता. म्हणजे अजाणपणाची कुठलीच सवलत मला लागू नव्हती. उलट टाकीत ते तेल ओतताना माझ्या मनात असं होतं की डिझेलच्या धंद्यात आता क्रांती होणार, आणि ती द्वारका चौकाजवळच्या आमच्या गाळ्यातून होणार.

अंकासाठी कामाच्या आठवणी लिहायच्या ठरल्या तेव्हा घरात मत पडलं की सुरुवात जरा मानाची करावी. नात म्हणाली, "आजी, एरंडेलापासूनच कर, नाहीतर कुणी पुढे वाचणार नाही." पोरगी माझ्यावरच गेली आहे.

आमचा धंदा पंपाचा. हे सांगितलं की हळदीकुंकवाला बायका सरकून जागा द्यायच्या. त्यांना वाटायचं, मुंबई-आग्रा रोडवर आमचा पेट्रोल पंप आहे. तो गैरसमज मी पहिली काही वर्षं मायेने सांभाळला. खरा पंप दोन विटा शेजारी ठेवल्यावर होईल एवढा. ट्रकच्या इंजिनाला चिकटून बसलेला असतो आणि टाकीतलं डिझेल जोराने दाबून इंजिनात पाठवतो. पंगतीतला वाढपी आठवा. सहा पानं मांडली आहेत, प्रत्येकाला त्याच्या पाळीला एकच डाव वाढायचा, ना थेंब कमी ना थेंब जास्त. एकाला जास्त पडलं की गाडी काळा धूर सोडते, एकाला कमी पडलं की सगळी गाडी थरथरते. पंपातून निघालेलं डिझेल नोझलमधून गुलाबदाणीसारखं बारीक फवारून इंजिनात पडतं. ट्रकची सगळी ताकद त्या फवाऱ्यात असते.

आता गंमत ऐका. पंपाच्या आत पोलादाच्या बारीक कांड्या नळीत वरखाली होत असतात. त्यांना आम्ही प्लंजर म्हणतो. ते नळीत इतके घट्ट बसलेले असतात की मध्ये केस घालायलाही जागा नाही. त्यांना वंगण कसलं? तर जे डिझेल ते ढकलतात त्याचंच. दुसरं काही नाही. हे कळलं की प्रत्येक ड्रायव्हर धास्तावतो. डिझेल कोरडं निघालं तर? झिजला की पंप. मग तो टाकीत आपल्या पदरचं काहीतरी ओततो. इंजिनाचं काढलेलं काळं तेल, स्कूटरचं टू-स्ट्रोक ऑइल, रॉकेल, डांबरगोळ्या. पेठकडचा एक टेम्पोवाला तर टाकीत कापराच्या वड्या सोडून टाकीलाच हात जोडायचा.

गाळ्यात आम्ही तिघं. गाडीवरून पंप उतरवणं, चढवणं हे काम आमच्या ह्यांचं. पंप उघडून दुरुस्त करणं आणि बेंचवर लावून त्याचं माप जुळवणं हे काम मालेगावच्या युसुफचाचांचं. आणि काउंटरवर बसून फिल्टर, वॉशर, तेलाचे डबे विकणं हे माझं. येणारा प्रत्येक ड्रायव्हर काउंटरवर कोपर टेकून आपला नुस्का, म्हणजे घरचा इलाज, सांगायचा, आणि काउंटरमागची ती शहाणी, म्हणजे तेव्हाची मी, तो मनात साठवायची. शहाणीला वाटायचं, आपल्याला आता डिझेलमधलं सगळं कळतं. पंप उघडून आत काय असतं हे तिने एकदाही पाहिलं नव्हतं, पण त्यामुळे तिचं काही अडत नव्हतं.

जानेवारीतली गोष्ट. शुक्रवार होता, चाचा नमाजाला गेले होते, हे आडगाव नाक्यावर एका बंद पडलेल्या गाडीखाली होते. तेवढ्यात सायखेड्याचे तात्या आले. तात्यांची स्वतःची एकच गाडी, स्वतःच चालवायचे, लासलगावचा कांदा भरून इंदूरकडे न्यायचे. गाडीचा पंप चाचांनी त्याच आठवड्यात नवा करून दिला होता.

"वहिनी, टाकीत टाकायला तेल द्या वाईच. पंप नवा हाय, कोरडा नको चालायला."

नेमकं टू-स्ट्रोक ऑइल संपलेलं. साधी बाई असती तर 'संपलंय, तात्या' म्हणाली असती. पण शहाणीच्या डोक्यात चक्रं फिरली. आजोळी बैलगाडीच्या आसाला एरंडेल लावायचे. शर्यतीच्या मोटारींना एरंडेल घालतात असं कुणीतरी सांगितलेलं. आणि जितकं चिकट तितकं वंगण चांगलं, हा तर तिचा स्वतःचा शोध. शेजारच्या किराणा दुकानात सुटं एरंडेल मिळायचं. तिने दोन लिटर आणलं, पदर खोचला, टाकीचं झाकण उघडलं आणि नरसाळं लावून स्वतःच्या हाताने ओतलं.

तात्या वास घेत म्हणाले, "वहिनी, ह्ये पोरास्नी देत्यात तेच ना?"

"तात्या, पोराचं पोट काय नि तुमचा पंप काय, आतून मोकळं झालं पाहिजे."

हे वाक्य मी बोलले. साक्षीदार आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर करतेय तोच फोन वाजला. चांदवडच्या पुढे राहूड घाटाखालच्या एसटीडी बूथवरून तात्या बोलत होते. घाटात मधोमध गाडी बंद पडली होती, कांदा भरलेला होता आणि मागे रांग लागली होती.

"वहिनी," तात्या अगदी शांतपणे म्हणाले, "तुम्ही म्हनला व्हता मोकळं व्हईल. पार बंद झालंय बघा."

आमच्या जुन्या जीपमधून आम्ही तिघं निघालो. मी कशाला, असं ह्यांनी दोनदा विचारलं, पण मी जीपमध्ये बसलेच होते. निफाडच्या बाजूला त्या दिवसांत अशी थंडी पडते की द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवतात. घाटात पोचलो तेव्हा ऊन नुकतं आलं होतं, मागचे ड्रायव्हर उतरून अंग शेकत उभे होते आणि तात्या पुढच्या टायरावर पाय ठेवून सर्वांना काहीतरी सांगत होते. मला पाहिल्यावर सगळे एकदम गप्प झाले, तेव्हा काय सांगत होते ते मला कळलं.

चाचांनी फिल्टर खोलला. आतून गव्हाच्या खिरीसारखं काहीतरी सावकाश बाहेर आलं. त्यांनी टाकीच्या तळातून काचेची बाटली भरून घेतली, पाच मिनिटं बोनेटवर ठेवली आणि माझ्या हातात दिली.

"देखो भाभी. ऊपर डिझेल, नीचे आपका दवाखाना."

बाटलीत दोन थर होते, मध्ये आखल्यासारखी रेघ. एरंडेल डिझेलमध्ये नीट मिसळतच नाही. ते तळाशी जाऊन बसतं. लासलगावला गाडी रात्रभर उभी राहिली, थंडीने ते आणखी घट्ट झालं, सपाटीवर निमूट पडून राहिलं आणि घाटाच्या चढावर टाकी तिरपी झाली तसं सरकून नेमकं डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी आलं. किती साधी गोष्ट. बाटलीत आधी मिसळून पाहिलं असतं तर घरच्या घरी दिसली असती.

टाकी धुतली, फिल्टर बदलला, नळ्यांतली हवा काढली, गाडी सुरू झाली. पंप वाचला होता. तात्या गाडीत चढायच्या आधी ह्यांच्यासमोर उभे राहिले. "शेठ, तुमच्यावर राग नाय. चाचांवर नाय. पन या वहिनींचा हात माझ्या गाडीला परत लागता कामा नये."

मी जीपमागे उभी होते. मुद्दाम मला ऐकू येईल असं बोलले.

पुढची कामगिरी तात्यांनी चोख बजावली. आग्रा रोडवरच्या प्रत्येक ढाब्यावर त्यांनी ही गोष्ट सांगितली. धुळ्यापर्यंत दोन लिटरचे पाच झाले, सेंधव्यात अख्खा डबा झाला, आणि काही महिन्यांनी पंजाबचा एक सरदारजी ड्रायव्हर गाळ्यात डोकावून ह्यांना विचारता झाला, "वो डॉक्टरनी इधर ही बैठती है क्या, जो ट्रक को जुलाब देती है?"

मी काउंटरवरच होते. त्याला मीच चहा मागवला. न मागवून काय करते.

पण ती दोन थरांची बाटली मी फेकली नाही. खिडकीत ठेवली. आणि मग मला वेड लागलं, चांगल्या अर्थाने. जो ड्रायव्हर जो नुस्का सांगेल, तो मी बाटलीत डिझेल घेऊन करून बघायचे. टू-स्ट्रोक ऑइल बिनतक्रार मिसळलं. शेंगदाण्याचं तेल मिसळलं, पण बाटली गारठ्यात ठेवली तर गढूळ झाली. डांबरगोळी विरघळली आणि डिझेलला ठेवणीतल्या कपड्यांचा वास आला, याखेरीज काही घडलं नाही. इंजिनाचं काळं तेल पहिल्या दिवशी मिसळल्यासारखं दिसलं आणि दुसऱ्या दिवशी तळाशी काजळी बसली. ती काजळी म्हणजे लोखंडाचा कीस आणि जळकी राख. केस न मावणाऱ्या जागेत ती गेली की काय करणार ते सांगायला नको. रॉकेल मात्र लबाड. असं मिसळतं की डोळ्यांना कळतच नाही. त्यातून रेशनचं निळं असलं तर कधी रंगाची झाक लागते, नाहीतर नाकावर भिस्त. ते पातळ आणि खरंच कोरडं. प्लंजर चरचरत मरतात.

खिडकीत बाटल्यांची रांग झाली. दुपारचं ऊन त्यांच्यातून आत यायचं तेव्हा गाळ्यात पिवळे, हिरवे, तांबडे कवडसे पडायचे. ड्रायव्हर चहा पिता पिता बघत राहायचे. काहीजण आपल्या टाकीतलं डिझेल बाटलीत घालून आणायला लागले. "वहिनी, हे बघा हो जरा." मग माझा रुबाब काय विचारता.

चाचा हे सगळं तिरक्या नजरेने बघत होते. एक दिवस म्हणाले, "बोतल बहुत हुई भाभी. इधर आओ." आणि त्यांनी माझ्या हातात नोझल दिलं.

नोझल तपासायला हाताने दाबायचा एक दांडा असतो. दांडा दाबला की नोझलमधून फवारा उडतो. त्याच्यासमोर बोट धरायचं नाही, कातडीतून आत घुसतो इतका जोर असतो. मला वाटलं फवारा बघायचा असतो. चाचा म्हणाले, बघायचं नंतर, आधी ऐकायचं. चांगलं नोझल दांडा हळू दाबला की चर्र चर्र असं बोलतं. मुकं झालं तर गेलं. अडखळत बोलत असेल तर त्याला ते तोतला म्हणायचे. मी दोन मुलं बोलायला शिकवली, पण नोझलाचं बोलणं कळायला मला त्याहून जास्त वेळ लागला. त्यानंतर बेंच. बेंच म्हणजे लोखंडी टेबलासारखं यंत्र. त्यावर पंप बांधून फिरवायचा, सहा प्लंजरचं तेल समोरच्या सहा काचनळ्यांत पडतं, आणि सहाही नळ्यांत ते एका रेघेत यावं लागतं. ती रेघ जमली की माझ्या अंगावर काटा यायचा. अजूनही सांगताना येतो.

हात बसला. चाचा माझ्याकडे निम्मे पंप देऊ लागले. अडचण एकच होती. ड्रायव्हर पंप उचलायच्या आधी विचारायचे, "चाचांनी बांधला का वहिनींनी?" माझं नाव आलं की काहीजण तोंडावर हसून दुसरीकडे जायचे. खिडकीतल्या बाटल्यांसाठी मी चालत होते, पंपासाठी नाही. राहूड घाट माझ्या आधी सगळीकडे पोचलेला.

दिवस गेले, दोन हजार साल उलटलं, आणि चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. नळ्यांवरच्या रेघा दिसेनात. ते मालेगावला मुलाकडे गेले. आता बेंचवर मी एकटी, आणि बेंचकडे गिऱ्हाईक येईना. धुळ्याचे एक गृहस्थ बेंच विकत घ्यायला तयार होते. ह्यांनी एका संध्याकाळी मला विचारलं, "द्राक्षाचा हंगाम संपेपर्यंत बघू. नाही जमलं तर देऊन टाकू का? काउंटर चालूच राहील की."

मी "बघू" म्हटलं आणि पोळी थापत राहिले. पोळी लाटतात, थापत नाहीत, हे ताटात वाढल्यावर लक्षात आलं.

त्याच सुमाराला ट्रक टर्मिनलवर एक निळ्या बाटल्यांवाला आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय, गाडीवर भोंगा. "नवं डिझेल आलं आहे, त्यातलं गंधक काढून टाकलं आहे, त्यामुळे तुमचे पंप कोरडे पडणार आहेत. फक्त हे निळं औषध टाका." आता यातलं निम्मं खरं होतं, म्हणून तर ते खपत होतं. गंधक कमी केलं की डिझेलचा ओशटपणा घटतो, हे खरं. पण तो भरून काढायचं काम डिझेल तयार करणाऱ्याचं असतं, आणि ते झालेलं असतं. मी एक बाटली विकत आणून खिडकीत तपासली. मिसळली, निळसर झाली, दुसरं काही नाही. ना नफा ना तोटा. खरं विष त्या माणसाच्या पुढच्या वाक्यात होतं. "एकदा हे टाकलं की टाकीत कुठलंही डिझेल भरा, चिंता नको."

कुठलंही म्हणजे रस्त्याकडेला ड्रममधून विकतात ते. ड्रायव्हरांनी ते वाक्य तेवढं ऐकलं.

मार्चमधल्या एका सकाळी तात्यांची गाडी गाळ्यासमोर येऊन थरथरत उभी राहिली आणि बंद पडली. गाडीत दिल्लीला जाणारी द्राक्षं होती, पेट्यांची थप्पी ताडपत्रीपर्यंत. ऊन तापायला लागलं होतं. द्राक्षं कांद्यासारखी थांबत नाहीत. एक दिवस उन्हात उभी राहिली की देठापासून गळायला लागतात, आणि मग त्यांना बाजारात कुणी हात लावत नाही. माल पिंपळगावच्या बागायतदाराचा, त्याने तात्यांच्या शब्दावर दिलेला. हे मनमाडला एका गाडीवर गेलेले. गाळ्यात मी.

तात्यांनी आत डोकावलं. केस पिकले होते. मला बघून त्यांचा चेहरा पडला.

"चाचा कुटंय?"

"मालेगावला. परवाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

"शेठ?"

"संध्याकाळी येतील."

तात्या उंबऱ्यात बसले. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत गाडीकडे. शेवटी म्हणाले, "चाचांना फोन लावा."

मी लावला. चाचांच्या एका डोळ्यावर पट्टी होती पण कान शाबूत होते. तात्यांनी सगळी हकीकत सांगितली. निळं औषध टाकलं, ड्रमचं डिझेल भरलं, वाटेत गाडी मरतमरत चालली. चाचा पलीकडून काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. तात्या नुसते "व्हय, व्हय" करत राहिले. मग रिसीव्हर माझ्याकडे दिला.

"भाभी, पंप खोलो. और खोलके बांधने के बाद नोझल मुझे सुनाओ."

शेजारच्या गॅरेजमधल्या एका फिटरला बोलावून पंप खाली उतरवला आणि टाकी रिकामी केली. टाकीतलं थोडं डिझेल बाटलीत घेऊन मी खिडकीत ठेवलं. मुद्दाम एरंडेलाच्या बाटलीशेजारी. तात्यांनी दोन्ही बाटल्या बघितल्या आणि नाकाने आवाज काढला. डिझेलमधून रॉकेलचा वास खोलीभर झाला होता. पंप उघडला तर दोन प्लंजरवर उभे ओरखडे, नखाला लागतील असे.

तात्यांनी लाकडी खोका उलटा करून माझ्यासमोर मांडला आणि त्यावर बसले. मी हात लावेन त्या प्रत्येक डब्याचा वास आपण घेणार, हे त्यांनी आधीच जाहीर केलं. मी पार्ट धुवायला डिझेल घेतलं, त्यांनी वास घेतला. बेंचचं तेल ओतलं, त्यांनी बोट बुडवून वास घेतला.

"एरंडेल नाय ना?"

"तात्या, ते खास तुमच्यासाठी राखून ठेवलंय. जेवणानंतर देते."

हसले नाहीत. मी पण मनातून हसत नव्हते. नवे प्लंजर बसवले, पंप बांधला, बेंचवर चढवला. पहिल्या फेरीला चार नळ्या एका रेघेत, तिसरी खाली, सहावी वर. मापाची कडी सैल केली, केसभर फिरवली, आवळली. दुसऱ्या फेरीला तिसरी जमली, पण सहावी हट्टाला पेटली. तिसऱ्या फेरीला सहाही नळ्यांतलं तेल चढत चढत आलं आणि एका ओळीत थांबलं. पट्टी धरून आखावी तशी रेघ.

तात्या खोक्यावरून उठले. नळ्यांसमोर वाकून एक डोळा मिटून बघितलं. मग बेंचला वळसा घालून पलीकडून बघितलं.

"परत लावा."

परत लावलं. परत तीच रेघ.

"आनखी येकदा."

तिसऱ्यांदा त्यांना शंका नव्हती. नुसतं बघायचं होतं. ती रेघ पहिल्यांदा जमलेली बघणाऱ्याचं असंच होतं, मी ओळखलं.

मग नोझल. काउंटरवरचा फोन तारेसकट ओढून दांड्याजवळ आणला आणि रिसीव्हर तात्यांच्या हातात दिला. "नीट धरा, फवाऱ्यासमोर हात नको." मी दांडा दाबला. चर्र. फोनमधून आवाज आला, "अच्छा. दूसरा." दुसरं. तिसरं. चौथ्याला मी दांडा दाबला आणि माझ्याच कपाळावर आठी आली. फोनमध्ये चाचा काही बोलायच्या आधी मी म्हटलं, "चाचा, हे तोतलं आहे, बदलते."

मग चाचांचं हसणं तात्यांच्या हातातल्या रिसीव्हरमधून मलाही ऐकू आलं. "तात्या, अब मेरे को फोन मत लगाना. मैं सोता हूँ."

पंप चढवेपर्यंत दुपार कलली. टाकीत पेट्रोल पंपावरचं स्वच्छ डिझेल भरलं. नळ्यांतली हवा काढली. तात्यांनी स्टार्टर मारला, गाडीने एकदा खाकरल्यासारखं केलं आणि सुरू झाली. मी सायलेन्सरमागे पांढरा रुमाल धरून उभी होते. हा माझा जरा नाटकीपणा. रुमाल पांढराच राहिला, म्हणून सांगतेय. काळा झाला असता तर या लेखात रुमाल आला नसता.

तात्या खाली उतरून जरा घुटमळले. "आता टाकीत काय टाकू?"

"डिझेल."

"ते हायच. पन संगं काय?"

"काही नाही."

"वाईच टू-स्ट्रोक? सवय हाय हो वहिनी."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला एकदम माझं नरसाळं आठवलं. एवढ्या लांब जायचं, माल दुसऱ्याचा, घाट पुढे, आणि आपल्या हातून गाडीला काहीच द्यायचं नाही, हे माणसाला सोसत नाही. मी इतकी वर्षं ह्याच हळवेपणावर तेलाचे डबे विकत आले होते. कितीतरी जणांना गरज नसताना विकले. त्याची रुखरुख मला आजही आहे. टू-स्ट्रोकने नुकसान होत नव्हतं, एवढीच माझी सोय.

मी देव्हाऱ्यातून कापराची वडी आणून त्यांच्या हातावर ठेवली. "ही गाडीतल्या देवापुढे लावा. टाकीत टाकलीत तर मला कळेल, मी बाटली मागवून घेईन."

तात्यांनी ती वडी खिशात घातली, चढले आणि गेले. आडगावच्या वळणाला त्यांनी लांबलचक हॉर्न दिला, पण तो मला दिला की समोरच्या रिक्षाला, ते नक्की नाही.

संध्याकाळी हे मनमाडहून आले. मी काही सांगायच्या आधीच गाळ्यासमोर दोन ड्रायव्हर पंप खांद्यावर घेऊन उभे होते. दुपारभर टर्मिनलवरची मंडळी येऊन-जाऊन बघत होती, मला पत्ताच नव्हता. त्यांच्यातला एक म्हणाला, "वहिनीच बांधणार असल्या तर ठेवतो." हे माझ्याकडे बघतच राहिले. धुळ्याचे गृहस्थ पुढच्या आठवड्यात बेंचचं माप घ्यायला आले, तेव्हा ह्यांनी त्यांना भेळ खायला घातली आणि परत पाठवलं.

त्या बेंचवर मी पुढे बरीच वर्षं बसले. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गाड्या आल्या, त्यांच्या पंपांना माझ्या काचनळ्या कळेनात, तेव्हा उठले. बेंच अजून गाळ्यात आहे, त्यावर मुलगा कुरिअरची पाकिटं ठेवतो. दोन थरांची बाटली मात्र मी घरी आणली. रेघ अजून तशीच आहे.

पण मला सांगायचा आहे तो फोन. तात्या गेले त्याला चार दिवस होत आले होते. मी काही बोलत नव्हते, पण दर वेळी फोन वाजला की हातातला पाना खाली पडायचा. एका दुपारी वाजला. मागे मंडईचा कल्ला, हिंदीत बोली चाललेली, आणि त्यातून तात्यांचा आवाज. दिल्लीहून, एसटीडीच्या पैशांची पर्वा न करता, अगदी सावकाश आणि चांगल्याच वैतागाने बोलत होते:

"वहिनी, माल पोचला, एक मणी गळाला नाय. समद्या घाटांनी गाडी गुमान चढली. पन तुम्ही माझं लय नुकसान केलं बघा. इतकी वर्सं तुमच्या एरंडेलाची गोष्ट सांगून मी ढाब्याढाब्यावर फुकट चहा प्यालो, आता माघारी येताना काय सांगू?"